मी अडवलेली खिडकी

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे, आणि उजेडाशी माझं कधी पटलं नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत एका घराच्या उत्तरेकडच्या खिडकीला मी वीस उन्हाळे चिकटून बसलो. मार्चमध्ये बसायचो आणि पाऊस लागला की उठायचो. बाहेरची झळ आत येऊ नये म्हणून माझ्या कडेच्या फटी पुठ्ठ्यांनी बुजवलेल्या असत. त्यामुळे खोलीत गारवा असे आणि भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागे. याची कोणी कधी तक्रार केली नाही. आमच्याकडच्या मे महिन्यात माणसं अंधारच शोधत असतात.

माझा जन्म वर्ध्यातल्या एका पत्र्याच्या दुकानात झाला. जस्ताचा पत्रा कापून, ठोकून, जोडून एका कारागिरानं मला उभं केलं. तीन बाजूंना झडपा आणि झडपांत वाळ्याच्या ताट्या. पाणी पडलं की ताट्यांना असा वास सुटायचा की माझं मलाच कौतुक वाटायचं.

मला विकत घेतलं पुंडलिकरावांनी. ते तेव्हा एका शाळेत शिपाई होते. त्यांची सून जया एप्रिलमध्ये बाळंत झाली होती. जयाला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालेलं. तान्ही काजल उकाड्यानं रात्रंदिवस रडायची. पुंडलिकरावांनी एक दिवस मला हातगाडीवर चढवलं आणि डोक्याला दुपट्टा बांधून, मला एका हातानं धरून ते भर उन्हात घरापर्यंत चालत आले. माझी पहिली झुळूक त्या मायलेकींना लागली. ते स्वतः अंगणातल्या कडुनिंबाखाली झोपले. असा माणूस आपल्याला घरी आणतो, तेव्हा आपण जन्मभर घरघरत राहायला तयार असतो.

पण उन्हाळा संपला की गरज सरो, वैद्य मरो. पावसाळ्यात मी मागच्या पत्र्याखाली. माझ्या पोटात एकदा मांजर व्यायली, एकदा कोणी कांदे भरून ठेवले. तळाला गंज चढत गेला. वीस वर्षांत काजल कॉलेजात गेली आणि पुंडलिकराव म्हातारे झाले. त्यांना उकाडा सोसवेना, म्हणून त्यांची बाज बरोबर माझ्यासमोर आली. आता माझी सगळी हवा त्यांचीच होती.

जया घरी सरगुंडे करते. ओल्या गव्हाच्या पिठाची बारीक तार काडीवर गुंडाळायची, वाळवायची आणि पाहुणे आले की उकळून आंब्याच्या रसासोबत वाढायची. जयाच्या हातची तार तुटत नाही. यंदा पुण्यातल्या एका दुकानानं तिला विचारलं. आपल्याकडचे पुष्कळ लोक तिकडं राहतात, त्यांच्यासाठी वर्षभर माल हवा होता. पण आधी चांगले फोटो पाठवा म्हणाले, बुद्ध पौर्णिमेच्या आत. हे काम मिळालं नसतं, तर जयाला पुन्हा कापडाच्या दुकानात दिवसभर उभं राहायला जावं लागणार होतं. तिचे गुडघे आता ते ऐकत नव्हते.

फोटो काढायची काजल. ट्यूबलाइटखाली सरगुंडे दोऱ्याच्या गुंड्यासारखे दिसले. मग तिचे बाबा, विवेक, एक गोल लाइट घेऊन आले. त्यानं रसाच्या वाटीत पांढरी गोल चकती चमकू लागली आणि सरगुंड्यांची तार दिसेनाशीच झाली. स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या भिंतीला लागलेली. अंगणात ताट नेलं तर ऊन इतकं कडक की अर्धं ताट पांढरं आणि अर्धं काळं.

शेवटी काजल माझ्याकडं बघत म्हणाली, “आई, उजेड या खिडकीतूनच पायजे. नरम असते इथला. पण इथं कूलर हाय.”

“राहू दे,” जया म्हणाली. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. “मामाजीले लागते तो. फोटोसाठी का माणूस भाजाचा?”

बाजेवर पुंडलिकराव डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते, हे मला ठाऊक होतं. झोपेत ते घोरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विवेकला हाक मारली. “हा कूलर हटव रे. मले थंडी वाजून राह्यली.”

मित्रांनो, मे महिन्यात वर्ध्यात थंडी! विवेक घाबरलाच. तो सेवाग्रामच्या दवाखान्यात कामाला आहे. त्यानं वडिलांना गाडीवर मागं बसवलं आणि मलेरियासाठी रक्त तपासायला घेऊन गेला. रक्तात काही निघालं नाही. “म्हातारपण हाय,” पुंडलिकराव म्हणाले, “आता गारवा सोसत नाई.” मग मला स्टँडसकट ओढून अंगणात ठेवलं. मी मनातून फार दुखावलो. ज्यानं आणलं त्यानंच काढलं म्हटल्यावर आता भंगारवालाच बाकी, असं वाटलं.

खिडकी उघडी झाली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा मी बाहेरून त्या खोलीत पाहिलं. उजेड जमिनीवरून हळूहळू आत सरकत होता. काजलनं खिडकीपाशी पाट ठेवला आणि त्यावर ताट. सकाळचं तिरपं ऊन आत येऊ नये म्हणून आजोबांचं पांढरं धोतर खिडकीवर लावलं. दुसऱ्या बाजूला सावली फार पडत होती, तेव्हा तिनं माझीच एक झडप काढून तिला पांढरा कागद चिकटवला आणि ताटापलीकडं उभी केली. धोतरातून आलेला उजेड माझ्या झडपेवर आपटून परत ताटात पडायचा. सरगुंड्यांची तार न् तार वेगळी दिसू लागली. ज्या उजेडाला मी वीस वर्षं अडवलं, त्यालाच मदत करत होतो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पण मला धोतराच्या कडेनं आणखीही काही दिसत होतं. जया स्वयंपाकघरात गेली आणि काजल पाठमोरी ताटावर वाकली की पुंडलिकराव वर्तमानपत्राची घडी घेऊन वारा घ्यायचे. बंडी काढून पिळायचे. जया येताना दिसली की वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरायचे आणि वाचत असल्यासारखे बसायचे. हे चार दिवस चाललं. मी ओरडून सांगितलं असतं, पण माझा प्लग काढलेला होता.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी काजल फोटो निवडायला बसली. एक फोटो सगळ्यांत सुंदर आला होता. सरगुंडे, पिवळाधमक रस आणि शेजारी स्टीलचा गडू. तिनं तो मोबाइलवर मोठा करून पाहिला आणि जयाला हाक मारली.

“आई, हे पाय. गडूत कोण दिसून राह्यलं?”

गडूच्या फुगीर पोटात अख्खी खोली उमटली होती. कोपऱ्यात बाजेवर एक उघडा म्हातारा, मांडीवर पिळलेली बंडी, हातात वर्तमानपत्र आणि चेहरा घामानं निथळणारा. उजेड चांगला होता, म्हणून सगळं स्पष्ट दिसत होतं.

जया मोबाइल घेऊन बाजेपाशी गेली. “मामाजी, खरं सांगा. तुमाले थंडी वाजत होती?”

“वाजत होती ना.”

“मंग हा फोटोत कोण हाय?”

पुंडलिकरावांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, “सरगुंडे चांगले आले का नाई पण?”

जया तिथंच बाजेच्या पायाशी बसली आणि पदरानं त्यांच्या पाठीचा घाम पुसत राहिली. मुलीनं बापाचा पुसावा तसा.

त्याच संध्याकाळी मी खिडकीत परत आलो. पुढच्या रविवारी विवेकनं माझ्या स्टँडला चाकं जोडून घेतली. आता सकाळी साडेसात ते साडेआठ खिडकी उजेडाची. त्या तासात पुंडलिकराव कडुनिंबाखाली चहा पितात. नंतर दिवसभर खिडकी माझी. पुण्याचं काम जयाला मिळालं. दुकानाला दुसरे फोटो पाठवले. तो गडूचा फोटो तिनं कोणालाच पाठवला नाही, मोठा करून माझ्या शेजारच्या भिंतीवर लावला आहे.

तर मित्रांनो, पाऊस लागल्यावर आम्हाला पत्र्याखाली ढकलण्याआधी आमचं पाणी काढा आणि ताट्या वाळवा, एवढी माझी माझ्यापुरती विनंती. दुसरी विनंती माझ्यासाठी नाही. भर उन्हाळ्यात घरातलं म्हातारं माणूस थंडी वाजते म्हणालं, तर त्याला दवाखान्यात नेण्याआधी एकदा त्याच्या पाठीवरून हात फिरवून पाहा. हात ओला झाला, तर त्यानं तुमच्यासाठी काय सोडलं आहे, ते शोधा.