पिवळा झगा आणि माझं पुढचं चाक

प्रागच्या रस्त्यातले दगड चौकोनी असतात. दोन दगडांमध्ये बोट जाईल एवढी फट असते.

पिवळं साटीन शिवताना हातातून निसटतं.

सेबू बेटावर कुणी परदेशातून रिकाम्या हाताने परतलं, तर लोक काही बोलत नाहीत. नुसते पिशवीकडे बघतात.

फोटोत खुर्ची नको.

मित्रांनो, मी एक जुनी, घडीची व्हीलचेअर आहे. वरचे तुकडे माझ्याच गोष्टीचे आहेत. एक चाक गेल्यापासून माझी गोष्ट सरळ चालत नाही, एका बाजूला ओढली जाते. सांभाळून घ्या.

मला व्हिएन्नातल्या एका वृद्धाश्रमासाठी बनवलं होतं. तिथली फरशी आरशासारखी होती. माझी चाकं जराही आवाज करत नसत, म्हणून सगळ्या नर्स मलाच आधी ओढून नेत. पुढे विजेवर चालणाऱ्या खुर्च्या आल्या आणि मी जिन्याखाली गेले. तिथून मला दिविनाने मागून घेतलं. ती तिथलीच नर्स, मूळची फिलिपिन्सची, सेबूची. तिची आई गुडघ्यांनी हैराण होती आणि पहिल्यांदाच लेकीकडे राहायला येत होती.

आईला सगळे नानाय म्हणत. मला पाहिल्यावर तिने माझा हात थोपटला. "बाई, तूही म्हातारी, मीही म्हातारी. एकमेकींना पाडायचं नाही, काय?"

मी मनापासून कबूल केलं होतं.

नानायचा एक नवस होता. दिविनाच्या बाळंतपणात लेक आणि नातू दोघंही हातचे जाणार असं झालं, तेव्हा तिने बाळयेशूला साकडं घातलं होतं. दोघं वाचली, तर लेक राहते त्या मुलखाजवळच्या बाळयेशूला, म्हणजे प्रागच्या मूर्तीला, स्वतः शिवलेला झगा स्वतःच्या हाताने वाहीन. डोळ्यांना दिसेना तरी तिने तो शिवला. वीतभर पिवळा झगा, काठाला मोती. मंगळवारी तिचं परतीचं विमान होतं. म्हणून शनिवार-रविवार धरून दिविना आणि जावई जुन तिला प्रागला घेऊन आले. नातू शेजारणीकडे ठेवला होता.

झगा नानायने माझ्या पाठीमागच्या खिशात ठेवला. "इथे पाठीला लागत राहील. म्हणजे आहे ते कळेल."

शनिवार चौकातलं प्रसिद्ध जुनं घड्याळ बघण्यात आणि दुकानांत गेला. चर्च रविवारी, सगळं आटोपल्यावर, शांतपणे करायचं ठरलं होतं. पण भेटवस्तू आटपेनात. सेबूला शेजारणी, भाच्या, चर्चमधल्या बायका, सगळ्या वाट बघत होत्या.

"आणि नेलीला?" नानाय म्हणाली. "तिने माझ्या कोंबड्या सांभाळल्यात."

"नानाय, एवढ्या चॉकलेटला वेगळं विमान करावं लागेल," जुन म्हणाला.

"मग तू मागे राहा. तुझी जागा चॉकलेटला दे."

एकेक पिशवी माझ्या मुठींना लटकत गेली. मला मागे ओढ बसू लागली. नानाय बसली होती तोवर तोल होता. तिचं वजनच मला सावरून धरत होतं. हे मला कळत होतं. पण सांगणार कशी?

रविवारी दुपारी पुलावर दिविना म्हणाली, "नानाय, जरा उभी राहा ना. मागचा बुरूज येईल. फोटोत खुर्ची नको."

नानाय कठड्याला धरून उभी राहिली. त्याच क्षणी मी मागे उलटले. पिशव्या फुटल्या, डबे घरंगळले, सगळे हसले. मला उभं केलं आणि पिशव्या पुन्हा माझ्याच मुठींना अडकवल्या. माझ्या पुढच्या डाव्या चाकाचा खिळा ढिला झाला होता, तो कुणी पाहिला नाही.

मी कुरकुरले. माझ्याकडे तेवढंच होतं.

"ही पण गुडघे दुखतात म्हणते की काय," जुन म्हणाला.

चर्च पुढच्या वळणावर होतं. दगडांच्या फटीत चाक अडकलं आणि तुटलं. नानाय पुढे फेकली गेली. जुनने तिला वरच्या वर झेललं. तेवढ्यात चर्चची घंटा वाजली. थोड्या वेळात दार बंद होणार होतं.

"पाठीवर घेतो. चला."

"अरे, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांच्या सासूला कोण उचलतंय?"

दिविनाही निघाली, तर नानाय जुनच्या पाठीवरून ओरडली, "तू थांब गं! पिशव्या कोण बघणार? नेलीचं चॉकलेट जाईल!"

ते दोघं गेले. दिविना माझ्या शेजारी पिशव्या गोळा करत बसली, माझ्याकडे पाठ करून. झगा माझ्या खिशात होता. तिच्या हातापासून वीतभर लांब. मित्रांनो, कुरकुरायलाही चाक फिरावं लागतं. माझं एकही फिरत नव्हतं.

जुन घामाघूम होऊन परतला. नानाय त्याच्या पाठीवरच होती. दिविनाने तिचा चेहरा पाहिला, मग माझा खिसा पाहिला. झगा घेऊन ती धावत सुटली. परत आली तेव्हा झगा तिच्या हातातच होता. दार लागलं होतं.

"पुढच्या महिन्यात मी येऊन वाहीन गं," ती म्हणाली.

"नवस दुसऱ्याच्या हाताने फिटत नाही." नानायने दिविनाच्या हातातला झगा घेतला. मग म्हणाली, "मूर्ती दिसली मला. लांबून. जन्मात पहिल्यांदा कुणाकडे रिकाम्या हाताने गेले."

तिने झगा घडी करून पुन्हा माझ्या खिशात घातला. संध्याकाळची गाडी होती. भेटवस्तू सगळ्या पोचल्या. मी आता दिविनाच्या इमारतीच्या तळघरात तीन चाकांवर तिरकी उभी आहे. खिसा कुणी उघडलेला नाही.

मित्रांनो, आमच्या मुठींना ओझी लटकवू नका. आमचे खिळे अधूनमधून पाहत जा. आणि आमच्यावर बसलेल्या माणसाला विचारत जा, आधी कुठे जायचंय. आम्ही ढकलाल तिकडेच जातो. आणि आमच्यावर बसलेलं माणूसही.

शनिवारी सकाळी, स्टेशनवरून खोलीकडे जाताना, आम्ही त्या चर्चवरूनच गेलो होतो. दार उघडं होतं. नानायला माझ्यावर झोप लागली होती, म्हणून तिला कुणी उठवलं नाही.