काळं पडलेलं पाणी

त्या दुपारी शाळेच्या जेवणघरात पाय ठेवायला जागा नव्हती. आठवडाभरात चाळीस मुलांना जेवणानंतर उलट्या झाल्या होत्या आणि 'दोष' शोधायला जेवणाच्या ठेकेदाराने एका बाबाला आणलं होतं. तिन्ही स्वयंपाकिणींनी आपापल्या वाडग्यात हात धुतले. बाबाने कुपीतले थेंब टाकले. दोन वाडग्यांतलं पाणी नुसतं पिवळसर झालं, तिसऱ्या स्वयंपाकीण, आमच्या मावशी, त्यांचं मात्र काळंनिळं पडलं. हात पापी आहेत, असा बाबाने निवाडा केला. मग चिमूटभर मंतरलेली भुकटी टाकली, तर पाणी पुन्हा नितळ! पालकांनी हात जोडले. मावशींची त्याच दिवशी हकालपट्टी झाली, आणि पातेल्यांत रोज भुकटी पडू लागली. उलट्या काही थांबल्या नाहीत.

मी तिथेच विज्ञान शिकवते. मावशी माझ्याकडे आल्या तेव्हा डोळ्यांत पाणी नव्हतं, अंगार होता. खवट तेल आणि किडकं पीठ येतंय म्हणून त्यांनी ठेकेदाराकडे तीनदा तक्रार केली होती. त्या दिवशी त्या पीठ मळत होत्या, बाकीच्या दोघी भांडी घासत होत्या. मला उलगडा झाला. मी त्यांना प्रयोगशाळेत तोच चमत्कार करून दाखवला.

"नोकरी गेली चुलीत, बाई," त्या म्हणाल्या. "मला त्याचं तोंड उतरलेलं बघायचंय."

पालकसभेच्या आधी आम्ही माइकच्या दांड्याला पिठाचं पाणी फासून वाळवलं. बाबाला शेजारी बसवून ठेकेदार घामेजल्या हाताने माइक घट्ट धरून अर्धा तास बोलला. तो थांबताच मावशी उठल्या आणि साहेबांचेही हात तपासा म्हणाल्या. दोनशे पालकांसमोर बाबाला नाही म्हणता येईना. ठेकेदाराने वाडग्यात हात धुतले. थेंब पडले. पाणी काळंनिळं.

ठेकेदाराचा चेहराही.

मग मी सगळं फोडून सांगितलं. कुपीत जखमेवर लावायचं आयोडीन. पिठाला लागलं की ते काळंनिळं होतं. भुकटी म्हणजे कुटलेल्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्या, त्या रंग घालवतात. विटलेलं अन्न त्याने सुधारत नाही. बाबा तोवर दारापाशी पोचला होता, पण दारात मुलांच्या आया उभ्या होत्या.

मावशींनी त्या दिवशीचंच जेवण वाढून ताट ठेकेदारापुढे ठेवलं. वर भुकटीही भुरभुरली. त्याने एक घास घेतला आणि सगळ्यांदेखत थुंकला.

"लेकरांनी हाच गिळला होता," मावशी शांतपणे म्हणाल्या.

मला त्याची दया आली नाही, आजही येत नाही. पण राग आम्हा सगळ्यांचाही येतो, हात जोडणाऱ्यांचा. त्या दुपारी वाडग्यातल्या रंगाकडे सगळे डोळे फाडून बघत होते. पिठाचा डबा उघडून बघायला एकही उठला नव्हता. पोरं आजारी पडली तर आधी तो डबा उघडा.