वासंती धुमाळची बदली

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात ते सगळ्यांना माहीत आहे, तुम्हालाही असू दे.

माझी बायको अलका कबड्डीच्या संघाची मॅनेजर आहे. खरी कबड्डी नव्हे. दिल्लीतल्या पन्नास-साठ मराठी माणसांनी कॉम्प्युटरवर चालवलेली लीग. प्रत्येकाने एक खेळाडू बनवायचा, त्याला नाव द्यायचं, दर आठवड्याला सरावाचे गुण द्यायचे. आठ मॅनेजर आठ संघ चालवतात. रविवारी चार वाजता कॉम्प्युटर सगळे सामने आपला आपण खेळतो आणि एकेक ओळ स्क्रीनवर टाकतो. अमुक चढाईला गेला, तमुकने घोटा धरला, बाद. या ओळी वाचून पेन्शनर माणसं रडतात. मी पाहिलंय.

अलकाचा संघ म्हणजे लक्ष्मीबाई नगर लढवय्ये. त्यात तिची स्वतःची खेळाडू वासंती धुमाळ, सात नंबर, डावा कोपरा. अलका कराडला दहावीपर्यंत कबड्डी खेळायची. मग गुडघा गेला, मग मी आलो. वासंतीचा गुडघा मात्र पाच हंगाम ठणठणीत होता, कारण अलका तिला चढाईला पाठवतच नव्हती.

"कशाला जायचं त्यांच्या अंगणात?" ती म्हणायची. "कोपऱ्यात उभं राहायचं. कोणी आलं की धरायचं."

बाकीचे मॅनेजर आपापल्या खेळाडूचे वेगळे लाड करत होते. नोएडाच्या चिरागने तर स्वतःच्या खेळाडूला एका सामन्यात चाळीसपैकी अडतीस चढाया दिल्या. उरलेल्या दोन वेळी तो बाद होऊन बाहेर होता. संघातले बाकीचे लोक वैतागले. ग्रुपवर आठवडाभर भांडण झालं आणि मॅनेजरच्या स्वतःच्या खेळाडूसाठी नवा नियम करायचं ठरलं.

लीगचा कर्ताधर्ता नीरज. लातूरचा मुलगा, राजेंद्र नगरला राहून यूपीएससीची तयारी करतो, निदान लातूरला तशी समजूत आहे. शनिवारी तो आमच्याकडे थालीपीठ खायला आला.

"काका, तुम्ही ऑफिसात बदल्यांचे नियम बघता ना? आमचा पण एक करून द्या यार. असा टाइट, की कोणाला पळवाट सापडली नाही पाहिजे."

"लिहा हो," अलका तव्यावरून म्हणाली. "पण मवाळ लिहा. मॅनेजरच्या खेळाडूला निम्म्याच चढाया, बस."

आता, पळवाट नसलेलं कागदपत्र मी आयुष्यात एकच पाहिलंय, ते म्हणजे आमच्या खात्याचं बदली धोरण. अकरा वर्षांत त्यातून फक्त दोघं सुटले, आणि त्यातला एक वारला. मी ते उघडलं, मराठी केलं, 'कर्मचारी'च्या जागी 'खेळाडू' आणि 'कार्यालय'च्या जागी 'संघ' घातलं, आणि पाठवून दिलं. चौदा पानं. ग्रुपवर ते नऊ मिनिटांत एकमताने मंजूर झालं. चौदा पानं कोण वाचतो? अलकानेही वाचली नाहीत. "तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर वाचायचं काय," ती म्हणाली. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर ठेवलेला हा पहिला आंधळा विश्वास.

सोमवारी नीरजने नियम कॉम्प्युटरला भरवले आणि आदेश निघाले. कलम चार : कोणत्याही मॅनेजरचा खेळाडू एका संघात तीन हंगामांपेक्षा जास्त राहणार नाही. वासंतीचा पाचवा चालू होता. बदली, द्वारका.

अलकाने फोन माझ्यासमोर धरला. "हे काय आहे?"

"धोरण आहे," मी म्हटलं.

त्या आठवड्यात मी डबा स्वतः भरला.

लीगमध्ये तर कहर झाला. बदली झालेल्या खेळाडूला रुजू व्हायला दहा दिवस, असं कलम होतं. त्यामुळे रविवारी आठही संघ सहा-सहा जणांनी खेळले. नोएडाने 'दुर्गम भाग' म्हणून अर्ज केला आणि कॉम्प्युटरने त्यांना खरंच पाच गुण जादा दिले. वासंतीला तर सोडताच येईना, कारण डाव्या कोपऱ्याचा चार्ज घ्यायला कोणी नव्हतं. ती कागदोपत्री द्वारकेची आणि मैदानावर कुणाचीच नाही, अशी लटकली.

मग अलकानेच चौदा पानं वाचली. चष्मा लावून, पेन्सिल घेऊन. बाराव्या पानावर थांबली.

"पती-पत्नी एकाच ठिकाणी असतील तर बदलीतून सूट. हे आहे का यात?"

"आहे."

"म्हणजे वासंतीचं लग्न आपल्याच संघात कोणाशी झालं, तर ती राहील?"

मी नीरजला फोन लावला. त्याने भरून पाहिलं, मग म्हणाला, "काका, कॉम्प्युटर तर ॲक्सेप्ट करतोय."

संघात लग्नाचा एकच खेळाडू होता. उजवा कोपरा, नाव विनय. त्याला बनवणारे गुलाबराव, वय एकाहत्तर, रेल्वेतून रिटायर. अलकाने त्यांना फोन केला. स्पीकरवर ठेवला, कारण अशा बोलण्यात घरातला पुरुष हजर पाहिजे, असं तिलाच अचानक वाटलं.

"स्थळ चांगलं आहे, वाद नाही," गुलाबराव म्हणाले. "पण वहिनी, मुलगी मोठी आहे. पाच हंगाम झाले तिला. आमचा विनय दुसऱ्याच हंगामात आहे."

"अनुभवी आहे, असं म्हणा की."

"ते आहेच. पण पाच हंगामांत चढाई एकही नाही. मुलगी घराबाहेर पडलीच नाही म्हणजे काही तब्येतीचं वगैरे... आपलं विचारलेलं बरं."

अलकाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. हे लक्षण मला पाठ आहे.

"तब्येत उत्तम आहे," ती म्हणाली.

"मग पाठवत का नव्हता?"

अलकाने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "गुलाबराव, राहू द्या. इथे राहायला मिळावं म्हणून माझी पोरगी कोणाच्या गळ्यात पडणार नाही. जाईल ती बदलीवर."

फोन ठेवून ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी चहा नेला. "रद्द करायला लावू का नियम?" मी विचारलं. "नीरज ऐकेल माझं."

"नको. घाबरत मीच होते. गुडघा माझा गेला होता, तिचा नाही."

दुसऱ्या दिवशी तिने डाव्या कोपऱ्यावर नवीन पोरगं उभं केलं, चार्ज दिला आणि वासंतीला मोकळं केलं. द्वारकेचा मॅनेजर अनुराग, विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर ड्युटी करतो. अलकाने त्याला फोनवर सगळं समजावलं. सराव किती, विश्रांती किती, कोणासमोर उभं करायचं, कोणासमोर नाही. तो वीस मिनिटं "हो मावशी, हो मावशी" करत राहिला आणि पहिल्याच सामन्यात त्याने वासंतीला चढाईला पाठवलं.

पहिल्या चढाईत ती बाद झाली. दुसऱ्या चढाईतही. अलकाने त्याला मेसेज टाइप केला, पुसला, पुन्हा टाइप केला, पुन्हा पुसला. तिसऱ्या चढाईत वासंतीने एक गुण आणला. संध्याकाळी अलका भाजीवाल्याशी भाव न करता परत आली.

तिसऱ्या रविवारी लढवय्ये विरुद्ध द्वारका. आपल्याच खेळाडूविरुद्ध व्यूहरचना करायची होती. अलकाने शनिवारभर ती प्रामाणिकपणे केली. "तिला उजवीकडे वळायची सवय आहे," असं तिने संघाच्या ग्रुपवर लिहिलंसुद्धा. लिहिताना चेहरा असा, की जणू सख्ख्या मुलीची डायरी वाचून दाखवतेय.

चारला सामना सुरू झाला. शेवटची चढाई उरली तेव्हा आमचा संघ दोन गुणांनी पुढे. ओळ आली : वासंती धुमाळ चढाईवर. मग कॉम्प्युटर अडला. अलकाने माझं मनगट धरलं. मग ओळ आली : डावीकडे वळली. पुढची : बोनस. पुढची : विनयला स्पर्श, डाव्या कोपऱ्याला स्पर्श. आणि शेवटची : रेषेवर परत. तीन गुण.

अलका टाळ्या वाजवत उठली. "गेली बघा, गेली माझी बाई, डावीकडून गेली." संघाच्या ग्रुपसाठी व्हॉइस मेसेजचं बटण दाबून ठेवलेलं आहे, हे तिला नंतर कळलं.

दोन मिनिटांनी गुलाबरावांचा मेसेज. "मॅनेजरबाई, आपण हरलो."

अलकाने उत्तर दिलं. "हो ना. पाहिलंत का कसं हरवलं तिने?"

मग गुलाबरावांनी लिहिलं, "पाहिलं. तब्येत उत्तम आहे."

त्याच संध्याकाळी नीरजने ग्रुपवर मतदान ठेवलं : चौदा पानांचा नियम रद्द करायचा का. सगळ्यांनी एका सुरात 'हो' म्हटलं. मी पेन उघडून म्हटलं, "सुधारित मसुदा करून देतो, दोन दिवसांत."

"तुम्ही बसा बिल्कुल शांत," अलका म्हणाली आणि स्वतःच फोन घेतला. तिने लिहिलेला नियम आता लीगमध्ये लागू आहे. एवढाच आहे : मॅनेजरचा खेळाडू तीन हंगामांनी दुसऱ्या संघात जाईल. लग्नाची सूट नाही. त्याला चढाई करू द्यावी.