देवाजी पेंटरचं जंगल

"आभायाले निया रंग कमी दे, पोरी. पाखरायले उडाले जागा पाह्यजे."

हा बाबांचा आवाज. आभाळात मी निळा फार भरत होते. तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. बुद्धविहाराच्या अंगणात पांढरा मांजरपाट अंथरलेला, त्यावर मी गुडघे टेकून बसलेली, ब्रश माझ्या मनगटाहून जाड. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मंडईत नाटक होतं, आणि नाटकामागचे पडदे रंगवायचे देवाजी पेंटर, म्हणजे माझे बाबा. राजवाडा, रस्ता, जंगल. त्यातलं जंगल बघायला लोक नाटकाआधीच येऊन बसत.

आता मी पोंभुर्ण्यात फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. चित्रकलेची पदविका घेतली आहे. वाढदिवसाच्या बॅनरवर पुढाऱ्यांचे गाल गुळगुळीत करते. श्रद्धांजलीच्या बॅनरवर मेलेल्यांचेही. कुणी म्हणतं पिक्चरच्या हिरोसारखा कर, मी तसा करते. डबा खाताना मोबाईलवर रील बघते. एकदा त्यात मुंबईची गॅलरी दिसली. भिंतीवर फाटका फ्लेक्स ठोकलेला आणि समोर माणसं हाताची घडी घालून गंभीर उभी. आमच्याकडे तसलाच फ्लेक्स धानाच्या पुंजण्यावर, कापून रचलेल्या पिकावर, झाकलेला असतो, त्यावर एक आमदार हात जोडून पावसात भिजत असतो. मला हसू यायला हवं होतं. निदान राग. मी वरण-भात संपवला आणि डबा धुतला. कुणी विचारलं तर अजूनही सांगते, मला आर्टिस्ट व्हायचंय. जीभ सांगते. आत काही हलत नाही.

श्रावणात नाटक कंपनीचे मॅनेजर विनोदभाऊ दुकानात आले. यंदा पडदा नाही, मोठी एलईडी स्क्रीन लावायची, त्यावर जंगल पाहिजे, म्हणाले.

"लोकायले हलते पानं पाह्यजे, संघप्रिया. तुह्या बाबाचं जंगल उभंच राह्यते."

बाबांच्या पडद्याचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता. तो मी मशीनला, कॉम्प्युटरवरच्या एआयला, दिला. चार मिनिटांत पानं हलू लागली. बाबांना सांगू नका, एवढंच मी विनोदभाऊंना म्हटलं. जुना पडदा त्यांनी कापून बकऱ्यांच्या कोठ्याला लावला.

आज आमच्याच गावची मंडई. नाटकाच्या दुपारी बाबा दरवर्षी स्टेजवर जातात. नटांच्या पायांनी पडद्याची खालची कड घासते, ती रंगवून देतात. कुणी बोलवत नाही, कुणी अडवत नाही. मोतीबिंदू झाला तरी रिवाज सुटला नाही. आजही करवंटीत हिरवा कालवला आणि हात पुढे केला. मी धरला. वाटेत सांगता आलं असतं. मी फक्त खड्डे सांगत गेले.

स्टेजवर कंपनीची पोरं स्क्रीन सुरू करून बघत होती. जंगल डुलत होतं. विनोदभाऊंनी घाईने खुर्ची दिली, चहा मागवला. पडदा जुना झाला होता, हे नागपूरच्या मोठ्या कलाकाराकडून करून आणलं, असं बाबांना सांगताना ते माझ्याकडे बघत होते.

"याले खालून रंग द्या लागत नाई, देवाजीभाऊ."

"मंग याचा पेंटर मंडई पाह्याले कोणत्या बहाण्यानं येते?" बाबा म्हणाले. दोघेही हसले.

मग बाबा उठले. नाक टेकेल इतके जवळ गेले आणि मधल्या झाडावरून तळहात खाली आणू लागले. सावकाश, आजाऱ्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. मुळाशी आल्यावर थांबले.

"विनोद, माह्या पडद्याले मधात शिवण होती. कापडाचे दोन पाट जोडले होते. थे लपवाले म्या इथी साजाचं झाड काढलं. नाई तं इथी झाड नोहतंच."

विनोदभाऊ वायर गुंडाळू लागले.

"याले तं शिवण नाई. मंग नागपूरवाल्यानं हे झाड काऊन काढलं?"

वारा नव्हता. पानं हलत होती. बाबांच्या बोटांवर हिरवा उजेड पडला होता, आणि ते उत्तराची वाट बघत होते.

"नागपूरचा कोणी नाई, बाबा," मी म्हटलं. "थे म्या केलं. तुमच्या पडद्याचा फोटो मशीनले देऊन. पडदा श्रावणातच कापला. मले मालूम होतं."