लांडग्याचं नाव

माझा मुलगा जन्मून आठवडा उलटला तरी त्याला नाव नव्हतं, आणि ते ठेवायचं नाही हे मी ठरवूनच टाकलं होतं. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या इस्पितळात त्याच्या काचेच्या पेटीवर एक निळी पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'युंगे योवानोविच'. युंगे म्हणजे मुलगा, आणि योवानोविच हे माझ्या नवऱ्याचं आडनाव. दिवस भरायच्या कितीतरी आधी आलेलं ते बाळ माझ्या तळहाताहून जेमतेम मोठं होतं. सिस्टर आंके रोज विचारायची, "आल्झो, मग, नाव ठरलं?" मी रोज सांगायचे, "घरी आला की ठरवू."

याच्या आधीची दोन्ही बाळं गेली होती. ती पोटात असतानाच मी दोघांची नावं ठेवली होती, त्या नावांनी त्यांच्याशी तासन्‌तास बोलले होते. मैत्रायणी आणि अश्वजित. नंतर ती नावं आमच्या घरात कुणी उच्चारली नाहीत. मी विद्यापीठात धातूंवर संशोधन करते. कुठला धातू किती ताणला की तुटतो, हे मोजणं माझं रोजचं काम. नाव ठेवल्यामुळे मूल जातं असं माझ्यासमोर कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. तरी या वेळी नाव ठेवायचं नव्हतं, आणि त्यावर चर्चा नको होती.

माझा नवरा नेनाद चर्चा करायचाही नाही. तो सर्बियाचा, गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, मुळातच कमी बोलणारा. पण एकाच आठवड्यात दोन आज्या दारात येऊन ठेपल्यावर कमी बोलणाऱ्या माणसाचं घरात काय चालणार?

माझी आई, प्रभावती, औरंगाबादच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. विमानतळावर माझ्या तब्येतीची चौकशी करून झाली आणि लगेच तिने नाव जाहीर केलं. "शीलभद्र. नालंदाचे आचार्य होते. अर्थ आहे, इतिहास आहे. हाक मारणाऱ्यालासुद्धा ताठ उभं राहावं लागेल असं नाव आहे." मी गाडीत बसले आणि रेडिओ लावला.

सासूबाई रादोयका सर्बियातल्या त्यांच्या गावाहून बसने आल्या, पिशवीत आंबवलेल्या कोबीचा गड्डा घेऊन. मी त्यांना मामा म्हणते, कारण नेनाद आईला मामा म्हणतो. तरुणपणी त्या स्टुटगार्टच्या एका कारखान्यात होत्या, तेव्हाचं मोडकंतोडकं जर्मन त्यांना येतं. त्यांनी काचेतून बाळ पाहिलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि नेनादला एकच शब्द सांगितला. "वुक." नेनादने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही म्हणजे नाही.

त्या दुपारी स्वयंपाकघरात मामा कोबीच्या पानांत खिमा आणि तांदूळ गुंडाळत होत्या. आई समोर कांदा चिरत होती. आईला जर्मन येत नाही, मामांना मराठी काय, इंग्रजीही येत नाही. मधल्या मध्ये दुभाषी मी. दोन्हीकडची धार थोडी बोथट करून पलीकडे पोहोचवायची, असा माझा धंदा चालला होता.

"विहीणबाई ते वुक वुक काय करतायत सारखं?" आईने विचारलं.

"नाव सुचवतायत. त्यांच्याकडचं जुनं नाव आहे."

"अर्थ काय?"

आता मुख्याध्यापिकेला अर्थ सांगितल्याशिवाय सुटकाच नव्हती. "लांडगा," मी म्हटलं.

आईची सुरी थांबली. "लांडगा? माणसाच्या पोराला?"

मी मामांना एवढंच सांगितलं की आई हे नाव का ठेवतात ते विचारतेय. मामांनी हातातलं पान नीट गुंडाळून पातेल्यात ठेवलं. "ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथे पुढच्या मुलाचं नाव वुक ठेवतात," त्या म्हणाल्या. "चेटकिणी तान्ह्या मुलांचं काळीज खातात, असं आमच्याकडचे जुने लोक मानायचे. पण लांडग्याला हात लावायची त्यांची हिंमत नाही. माझ्या आजोबांचं नाव वुक. त्यांच्या आधीची सगळी भावंडं गेली होती. आजोबा मात्र म्हातारे होऊन, रोज आलुबुखाराची दारू पिऊन मेले."

मी हे आईला सांगितलं, दारूसकट. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "कचरू."

माझ्या बाबांचं पहिलं नाव कचरू. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आजीने त्यांना जन्मल्याबरोबर सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि परत उचलून आणलं. हा फेकलेला कचरा आहे, याला नेण्यात काही अर्थ नाही, असं मरणाला वाटावं म्हणून. आमच्याकडच्या आयांचा हा जुनाच डाव. आजी शेवटपर्यंत बाबांना कचरूच म्हणायची आणि बाबा त्या हाकेला 'ओ' द्यायचे. फक्त तिच्याच हाकेला.

"त्यांच्या आईच्या मनात काय होतं ते मला ठाऊक आहे," आई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "पण शाळेत हजेरी घेताना मास्तर त्या नावावर मुद्दाम थांबायचे. 'कचरू! कुठल्या उकिरड्यावरचा रे तू?' आणि अख्खा वर्ग खो खो हसायचा. पाटलाच्या घरात कचरू असला तर तो नवसाचा. आमच्या वस्तीत असला तर तो नुसता कचरा. कॉलेजात जायच्या आधी त्यांनी ते नाव टाकलं आणि देवानंद झाले. एवढं करून आम्ही त्यातून बाहेर आलो, ते काय आता नातवाला जनावराचं नाव लावायला? सांग त्यांना. गाळू नकोस काही."

मी काही गाळलं नाही. ती हजेरीची गोष्ट बाबांनी मला कधीच सांगितली नव्हती. मामा ऐकत होत्या. मग हात पुसून त्या टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी आईला मिठीच मारली. आई अवघडून उभी राहिली. आमच्याकडे विहिणी अशा मिठ्या मारत नाहीत.

"तेच आहे," मामा म्हणाल्या. "त्या आईचं आणि आमचं तेच आहे."

"तेच नाही," आई म्हणाली आणि मिठीतून सुटली. "त्यांना विचार, हे नाव ऐकून घाबरायचं कुणी? मुलाने की त्या चेटकिणीने?"

मी विचारलं. मामांना तो प्रश्नच चमत्कारिक वाटला. "नाट्यूर्लिश, अर्थातच चेटकिणीने! लांडगा कशाला घाबरेल?"

आईने ते ऐकलं, पुन्हा सुरी उचलली आणि उरलेला कांदा चिरून संपवला. मीच वैतागून म्हटलं, "झाला वाद? कारण वुक नाही, शीलभद्र नाही, काहीच ठेवायचं नाहीये." दोन्ही भाषांत म्हटलं, म्हणजे कुणाचा गैरसमज नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळातून फोन आला. बाळाला जंतुसंसर्ग झाला होता. आम्ही चौघंही निघालो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि काही लपवत नव्हत्या. औषध सुरू केलं आहे, आता वाट बघायची. "तुम्ही त्याच्याशी बोला," त्या मला म्हणाल्या. "तो तुमचा आवाज ओळखतो. हाक मारा."

मी हात धुऊन पेटीपाशी उभी राहिले. त्याची छाती भराभर वरखाली होत होती. हाक मारायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे शब्दच नव्हता. बाळा म्हणाले असते तर चाललं असतं, पण त्या खोलीत सगळीच बाळं होती. मला तो हवा होता. मी त्या पट्टीकडे पाहिलं, युंगे योवानोविच, आणि तशीच बाहेर आले.

कॉरिडॉरमध्ये आई बसली होती. मामा आणि नेनाद खिडकीशी उभे होते.

"लगेच बाहेर?" आईने विचारलं.

"बोला म्हणतात. काय म्हणून बोलू? ए युंगे?"

"नाव घे त्याचं."

"नाव घेतलं की जातात, आई."

हे माझ्याच तोंडून बाहेर पडलं होतं. माझी मला लाज वाटली, आणि खूप रडूही आलं. आईने मला रडू दिलं. मग हाताला धरून शेजारी बसवलं.

"हे बघ दीपा. बावीस प्रतिज्ञा घेतलेली बाई आहे मी. भूत मानत नाही, चेटकीण मानत नाही. पण तू भ्यायलीयस, ते मला दिसतंय. तुझ्या आजीने पोराला उकिरड्यात लपवलं. तू त्या निळ्या पट्टीमागे लपवलंयस. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि तुझ्याकडे डॉक्टरेट आहे, एवढाच काय तो फरक."

मला राग आला.

"आपण लपवतच आलो," आई म्हणाली. "हे काही कामाचं नाही, नेऊ नका, असं हात जोडून सांगत आलो. या विहीणबाईंकडची माणसं हात जोडत नाहीत. हा लांडगा आहे, लावून बघ हात, असं तोंडावर सांगतात. रात्रभर त्याचाच विचार करत होते मी. मला आवडलं ते."

"आणि शीलभद्र?"

"तो मोठेपणी होईल शीलभद्र. मधे लाव हवं तर. आत्ता त्याला दात हवेत."

मी उठले. पुन्हा हात धुतले, कोपरापर्यंत. पेटीच्या गोल झरोक्यातून हात आत घातला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला.

"वुक," मी म्हटलं. मग पुन्हा म्हटलं. "वुक. मी तुझी आई. तुझ्या आधी मैत्रायणी होती आणि अश्वजित होता. ते राहिले नाहीत. तू राहायचंस. ऐकतोयस ना? मी इथेच आहे, आणि मी कुठेही जाणार नाहीये."

मशीन टिकटिकत राहिलं. ते नाव घेतल्याने काही कोसळलं नाही. माझी भीतीही गेली नाही, तिला मी शेजारी उभं राहू दिलं आणि त्याला हाका मारत राहिले, ओळीने, घसा बसेपर्यंत.

मग मी आंकेला बोलावलं. "ती पट्टी काढा. नाव ठरलंय."

तिने अक्षरं विचारली आणि नवी पट्टी लिहून आणली. "अर्थ काय याचा?"

"लांडगा."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ती त्याच्याकडे बघत म्हणाली. "काल नळी बदलताना माझ्याशी भांडलाच तो."

आज्यांना एकेक करून आत सोडत होते. मामा आल्या, काचेला कपाळ टेकवून नातवाशी त्यांच्या भाषेत काहीतरी दटावल्यासारखं बोलल्या आणि डोळे पुसत गेल्या. मग आई आली. इस्पितळाचा हिरवा झगा तिला पायघोळ होत होता. तिने चष्मा वर सरकवला, पट्टीवरचं नाव वाचलं. बराच वेळ ती त्या इवल्या छातीकडे पाहत राहिली. तिच्या मनात बाबा आहेत, हे मला कळत होतं.

मग तिने पाठ ताठ केली, आणि ज्या आवाजाने तिने जन्मभर वर्ग शांत केले त्या आवाजात, पण अगदी हळू, हजेरी घेतली.

"वुक शीलभद्र योवानोविच."

खोलीत कुणीही हसलं नाही.

मी झरोक्यातून हात घालून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि त्याच्या वतीने म्हटलं, "हजर, बाई."