मागची सीट

दीपकचा बंगळूरहून फोन आला, "पप्पा, आमचं विमान उडालं," आणि मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. तडक जाऊन बॅनरची ऑर्डर देऊन आलो. धुळ्याच्या सुपुत्राने बनवलं लढाऊ विमान! बॅनरवाल्याने पंखांखाली क्षेपणास्त्रं लटकवलेलं एक झकास विमान टाकलं, शेजारी दीपकचा फोटो. कमल म्हणाली, "अहो, पोराला विचारलं तरी का?" म्हटलं, तू पार्टीच्या पुऱ्यांचं बघ.

माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. निम्मं धुळे माझ्याकडेच गाडी शिकलं असेल. पण सोयरिकीच्या बैठकीत मी कधी तसं सांगितलं नाही. "ट्रान्सपोर्ट लाइनला आहे," म्हणायचो. लाल एल रंगवलेली, डावीकडेही ब्रेक-क्लच असलेली ती छोटी गाडी दिसली की लोक हसून बाजूला होतात. कशाला सांगायचं? लढाऊ विमान म्हटलं की कशी छाती फुगते!

दीपक सुट्टीवर घरी आला, त्या रविवारी दुपारी तोतारामच्या मळ्यात भरीत पार्टी ठेवली. तोताराम माझा जुना दोस्त, पण जिभेला हाड नाही. आम्ही माझ्याच गाडीतून गेलो आणि मी ती ट्रॅक्टरच्या आड लावली. इकडे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती आणि दीपक बॅनरसमोर उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

"पप्पा, हे आपलं नाही. आपलं ट्रेनर आहे. नवे वैमानिक त्याच्यावर शिकतात."

"आजच्या दिवस लढाऊच म्हण. कोणाला काय कळतंय?"

तो वांग्यांकडे वळला. मला वाटलं, पटलं.

टोपी, शाल, नारळ झालं आणि माइक त्याच्या हातात गेला. तो म्हणाला, "हे बॅनरवरचं विमान आमचं नाही. आमचं शिकाऊ वैमानिकांसाठी आहे. विद्यार्थी पुढे बसतो. शिक्षक मागे, जरा उंचावर, म्हणजे त्याला विद्यार्थ्याच्या डोक्यावरून पुढचं दिसतं."

"हाई तर शिकाऊ गाडी शे ना भो!" तोताराम ओरडला. "बापनामायक!" म्हणजे बापासारखीच.

सगळा मळा हसला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी उठलो, पोराच्या हातातून माइक ओढला आणि म्हणालो, "अहो, ही नुसती सुरुवात आहे! पुढे खरं विमानही बनवेल तो."

खरं विमान. माझ्याच तोंडून गेलं हे.

दीपकने माझ्याकडे पाहिलं. माइक परत मागितला नाही. माइकशिवायच बोलला; तोवर हसणंही थांबलं होतं. "पप्पा, मला लढाऊ विमानाच्या टीममध्ये घेत होते. मी हे मागून घेतलं. साहेबांनी विचारलं, का? मी सांगितलं, माझे वडील शिकवतात. पोरगं चुकलं तरी शेवटपर्यंत त्याला चालवू देतात, आणि अगदी गरज पडली की हळूच आपला ब्रेक दाबतात. पोराला कळतसुद्धा नाही. मला तसं विमान करायचंय. मागच्या सीटचं काम त्यांनी मलाच दिलं."

कोणी टाळी वाजवली नाही. तोतारामसुद्धा भरिताकडे बघत बसला. आणि मी हातात माइक धरून उभा, मेल्याहून मेल्यासारखा. पोराने बंगळूरला मोठ्या साहेबांपुढे जे छाती काढून सांगितलं, ते मी माझ्याच गावात ट्रॅक्टरमागे लपवून आलो होतो! आणि वर त्याच्या कामाला भरसभेत खोटं ठरवलं.

कमल मागून राहिलेल्या पुऱ्या घेऊन रिक्षाने येणार होती. परत येताना दीपकने गाडी चालवली. मी माझ्या नेहमीच्या जागी, डावीकडे, पायाखाली ब्रेक. एकदाही दाबावा लागला नाही. चुकलो म्हणायचं होतं. शेवटी विचारलं, "ती मागची सीट... मला एकदा दाखवशील?"

"तिथे बाहेरच्यांना सोडत नाहीत, पप्पा."

नियमच असेल तसा. रागाने बोलला नाही तो. रागावला असता तर बरं झालं असतं.

गाडी मी रोज मागच्या बोळात लावतो. दीपकने ती थेट दारासमोर लावली, एल रस्त्याकडे करून, आणि किल्ली माझ्या हातात दिली. मला मान वर करवली नाही.