लेबाराननंतर नीट करतो

पलुपीला मी सगळ्यांसमोर घालूनपाडून बोललो, ते आधीच सांगून टाकतो. लपवाछपवी मी पुरेशी केली आहे.

योग्याकार्तातल्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही गावोगावच्या आरोग्य केंद्रांसाठी लसींच्या नोंदीचं ॲप करतो. पलुपी नवीन, वोनोसारीहून आलेली, अजून कायम न झालेली. ॲपमध्ये लसीची मुदत चुकीची दिसायची, ती दुरुस्ती तिच्याकडे होती. तीनदा तिने "झालं" म्हणून सांगितलं आणि तीनदा केंद्रांतून फोन आले की चूक जशीच्या तशी आहे. सोमवारच्या बैठकीत मी म्हणालो, "पलुपी, आधी काम करावं, मग झालं म्हणावं. आमच्या वेळी अशी पद्धत होती." सगळे हसले. ती "हो, पाक" एवढंच म्हणाली; आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणतात, बाईला बू. आमच्या मालकीणबाई, बू वुर्यानी, यांनी तिला कायम करायचं पत्र पुढे ढकललं.

बुधवारी तिने मला विनंती केली की पाक दारसोनो, एकदा माझ्या कॉम्प्युटरवर बघता का. मी बसलो तो तिची चूक पकडायलाच. बिल्ड, म्हणजे कोडपासून ॲप तयार करायचं काम, चालवला. एकही तक्रार नाही, पण केंद्रांना पाठवायचं जे पॅकेज बाहेर आलं, ते मागच्या महिन्याचं. म्हणजे पॅकेज बनवायची पायरी, जिला आम्ही टार्गेट म्हणतो, चालतच नव्हती आणि बिल्ड सगळं ठीक म्हणून सांगत होता.

मी आज्ञांची फाईल उघडली. त्या टार्गेटखालची ओळ पॅकेज बनवायचं साधन माझ्या स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये शोधत होती. ते दुसऱ्या कुणाकडे सापडणार कुठून? शिवाय ओळीच्या सुरुवातीला एक छोटी आडवी रेघ. तिचा अर्थ, ही पायरी फसली तरी थांबू नको, पुढे चल. शेजारी टीप होती, ‘लेबाराननंतर नीट करतो’. दोन वर्षांपूर्वी, लेबारानला, म्हणजे ईदला, गावी जायची गाडी चुकू नये म्हणून मीच ते घाईघाईत करून ठेवलं होतं. आजवर बिल्ड मीच करायचो, माझ्याच कॉम्प्युटरवर, म्हणून कधी अडलं नाही; या वेळी पहिल्यांदाच तो पलुपीने तिच्या कॉम्प्युटरवर केला होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी काय केलं? गुपचूप ओळ दुरुस्त केली आणि सगळ्यांना सांगितलं की एक टार्गेट अडलं होतं, सोडवलं. कुणामुळे अडलं, ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

शुक्रवारी केंद्रांतून सगळं ठीक असल्याचे निरोप आले, म्हणून ऑफिसात तुम्पेंग आला, पिवळ्या भाताचा डोंगर. ज्याचा मान त्याला शेंडा. बूंनी तो कापून माझ्या ताटलीत घातला आणि म्हणाल्या, "पलुपी, यांच्याकडून शीक. आणखी तीन महिने बघू तुझं."

पलुपी माझ्या शेजारीच होती. मी हळूच म्हटलं की ती ओळ माझी होती.

"माहीत आहे, पाक," ती ताटलीकडे बघत म्हणाली. "मंगळवारीच दिसली मला. तुमचं नाव होतं, म्हणून तर तुम्हाला बघायला बोलावलं. म्हटलं, तुम्हीच सांगाल."

मी उभा राहिलो आणि चूक माझी होती, असं सांगून टाकलं. सगळे कौतुकाने हसले. कुणीतरी म्हणालं, "बघा, पाक नव्या पोरीची चूकसुद्धा स्वतःवर घेतात." टाळ्या पडल्या. पलुपीने मान वर केली नाही.

मग मी लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला आणि त्या ओळीचा इतिहास उघडला. तारीख, माझं नाव, टीप. बू वुर्यानी चष्मा लावून पडद्याजवळ गेल्या आणि त्यांनी टीप मोठ्याने वाचली. आता कुणी हसलं नाही.

मी माझी ताटली पलुपीपुढे ठेवली. तिने ती दोन्ही हातांनी परत माझ्याकडे सरकवली.

"शेंडा राहू द्या, पाक," ती म्हणाली. "मला फक्त माझं पत्र हवंय."